मायक्रोकंट्रोलर बोर्ड : प्रयोगापूर्वीची तयारी

खारघर रेल्वे स्थानकासमोर प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजेच सी-डॅकचे, केंद्र आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेत २००३ साली मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र विलीन झाले. ‘परम’ महासंगणकामुळे संस्थेचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु याच संस्थेने ‘वेगा’ ही स्वदेशी प्रोसेसरांची मालिका विकसित केली असून, तीतील ‘तेजस-३२’ या चिपवर आधारलेला ‘एरिस’ हा छोटेखानी बोर्ड विद्यार्थ्यांसाठी तयार करण्यात आला आहे, ही गोष्ट तितकीशी सर्वश्रुत नाही.

असे बोर्ड आता शाळांच्या प्रयोगशाळांतही येऊ लागले आहेत. मात्र बोर्ड विकत घेणे ही केवळ पहिली पायरी होय. त्यासाठी संगणक सज्ज केलेला नसेल, तर उत्तम साहित्यही कपाटात पडून राहते. ही तयारी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तयारीची आवश्यकता का?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक. २००५ साली इटलीत सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पातील ‘उनो’ या लोकप्रिय बोर्डाचे उदाहरण घेऊ. त्यातील चिपमध्ये आज्ञावली साठविण्यासाठी ३२ किलोबाइट आणि प्रत्यक्ष कामासाठी अवघी २ किलोबाइट स्मृती असते. त्याला पडदा नाही, कळफलकही नाही. म्हणून आज्ञावली नेहमीच्या संगणकावर लिहावी लागते, तेथेच तिचे चिपला समजणाऱ्या यंत्रभाषेत रूपांतर करावे लागते आणि नंतर ती तारेवाटे बोर्डात उतरवावी लागते. लेखनासाठी संपादक, रूपांतरासाठी कंपायलर, बोर्डात भरण्यासाठी अपलोडर आणि बोर्डाची ओळख पटविणारा ड्रायव्हर या चार साधनांच्या संचालाच विकसन-व्यवस्था म्हणता येईल. आर्डुइनोच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये पहिली तीन साधने एकत्र मिळतात.

कामाचा क्रम

प्रथम संगणक तपासावा. आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या आवृत्तीस ६४-बिट विंडोज १० किंवा त्यापुढील प्रणाली लागते. शाळेतील संगणक जुने असल्यास १.८ ही आवृत्ती घ्यावी. ती साध्या संगणकावरही समाधानकारक चालते. बोर्डाचे पॅकेज उतरवून घेण्यास इंटरनेट लागते. ज्या गावी जोडणी अनियमित आहे, तेथील शिक्षकांनी हे काम जोडणी असेल तेव्हा एकदाच उरकून घ्यावे. पुढील काम इंटरनेटशिवाय चालू शकते.

त्यानंतर बोर्ड यूएसबी तारेने जोडावा आणि मेनूतून बोर्डाचे नाव व पोर्ट निवडावे. मग तयार उदाहरणांतील ‘ब्लिंक’ ही आज्ञावली उघडून बोर्डात भरावी. दिवा एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो. येथे एक दक्षता आवश्यक आहे. कित्येक नव्या बोर्डांत हीच आज्ञावली आधीच भरलेली असते. त्यामुळे दिवा लुकलुकला एवढ्यावरून तयारी पूर्ण झाली असे मानू नये. आज्ञावलीतील १००० हा आकडा दोन्ही ठिकाणी २०० करून ती पुन्हा भरावी. लुकलुकणे जलद झाले, तरच सर्व साखळी जुळली असे समजावे.

नेहमीचे अडथळे

संगणकावर पोर्ट दिसत नसेल, तर प्रथम तार बदलून पाहावी. मोबाइलच्या काही तारा केवळ चार्जिंगपुरत्या असतात. त्यांतून माहिती जात नाही. अनेक स्वस्त बोर्डांवर ‘सीएच-३४०’ ही चिप असते व विंडोजवर तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागू शकतो. लिनक्सच्या काही प्रकारांत पोर्ट दिसूनही परवानगी नाकारली जाते. तेथे वापरकर्त्याचे नाव ‘डायलआउट’ गटात घालावे लागते.

‘एरिस’साठीही आर्डुइनोचेच सॉफ्टवेअर चालते, मात्र ‘वेगा’चे पॅकेज त्यात स्वतंत्रपणे जोडावे लागते. हा बोर्ड ३.३ व्होल्टवर, तर ‘उनो’ ५ व्होल्टवर चालतो. ५ व्होल्टचा संकेत ‘एरिस’च्या पिनेस थेट दिल्यास चिप निकामी होऊ शकते, हे विद्यार्थ्यांना प्रारंभीच सांगावे.

ज्ञान गावात राहावे

टाकीतील पाण्याची पातळी दाखविणे, शेतातील ओलावा मोजणे अशी कामे हे बोर्ड करू शकतात. पंपाची वीजजोडणी मात्र परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. ग्रामपंचायतीने अशी यंत्रणा बसविताना पुरवठादाराकडून केवळ उपकरण न घेता मूळ आज्ञावली, वापरलेल्या आवृत्त्यांची नावे आणि जोडणीचा आराखडाही लेखी घ्यावा. अन्यथा लहानशा दुरुस्तीसाठीही गावाला बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागेल. शाळेनेही अशी एक नोंदवही ठेवावी. शिक्षकाची बदली झाली तरी त्या वहीच्या आधारे नवा शिक्षक, किंबहुना नववीतील विद्यार्थीही, संगणक पुन्हा सज्ज करू शकेल. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातील आर्डुइनोवरील पाठांचाही या कामी उपयोग होईल.

स्वदेशी चिप तयार झाली, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु गावातील मुलाने स्वतः लिहिलेल्या आज्ञेने तिच्यावरचा दिवा लागेल, तेव्हाच त्या परिश्रमांचे चीज होईल.