जस्ताची उणीव आणि मुलांची खुंटलेली उंची

जस्त म्हणजे झिंक. शरीराला ते रोज काही मिलिग्रॅमच लागते, पण त्यावाचून वाढ होत नाही. पेशींचे विभाजन, प्रथिनांची घडण, हाडांची लांबी वाढणे या सगळ्यांत जस्ताचा वाटा असतो. शरीर त्याचा फारसा साठा करत नाही, म्हणून आहारात ते कमी पडले की वाढत्या मुलांना लवकर झळ बसते. उंचीचा वेग मंदावतो, तोंडाची चव जाते, भूक मरते, जुलाब वरचेवर होतात. जुलाबातून जस्त आणखी बाहेर पडते आणि उणीव वाढत जाते.

माणसातील ही उणीव उजेडात आणली ती मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी. 1958 मध्ये इराणमधील शिराझ येथे त्यांनी 21 वर्षांचा एक तरुण तपासला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. त्याचे जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेली रोटी, शिवाय माती खाण्याची सवय. पुढे इजिप्तमधील अशाच रुग्णांच्या अभ्यासातून जस्ताचा संबंध स्पष्ट झाला. धान्याच्या कोंड्यातील आणि डाळींमधील फायटेट जस्ताला धरून ठेवते. त्यामुळे पोटभर पोळी-भाकरी खाऊनही अंगी लागणारे जस्त अपुरे पडू शकते.

2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात भारतातील 1 ते 4 वर्षांच्या 19 टक्के मुलांत जस्ताची उणीव आढळली. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. म्हणून खुंटलेल्या प्रत्येक मुलात जस्तच कमी आहे, असे होत नाही. आईचे कुपोषण, जन्मतः कमी वजन, वारंवार होणारे संसर्ग, प्रथिनांची कमतरता, थायरॉईडचे किंवा आतड्याचे विकार हीही कारणे असतात.

नाशिकमधील गंगापूर रोडवर राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेच्या घरी हेच अनुभवाला आले. दुसरीतल्या मुलाची गणवेशाची पँट वर्ष उलटले तरी आखूड होईना. नातेवाइकांपैकी कोणी 'उशिरा वाढेल' म्हणाले, कोणी झिंकचे सिरप सुचवले. बालरोगतज्ज्ञांनी मात्र आधी उंचीच्या जुन्या नोंदी मागितल्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, पण काही बूट घालून, काही अनवाणी घेतलेल्या. त्यांवरून वाढीचा वेग काढता येईना. मग नीट मोजमाप झाले, तपासण्यांत दुसरा आजार निघाला नाही आणि लक्ष ताटाकडे वळले. सकाळी दूध-बिस्किट, डब्यात पोळी-जॅम, संध्याकाळी पाकिटातले कुरकुरीत खाणे. उसळ, अंडे, तीळ, शेंगदाणे जवळपास नाहीत. आहार बदलल्यावर वर्षभरात उंचीचा वेग वयाला साजेसा झाला. बदल एकूण आहारात झाला होता, त्यामुळे त्याचे श्रेय एकट्या जस्ताला देता येत नाही.

यातून पालकांनी घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप. बूट काढून, टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून दर सहा महिन्यांनी उंची घ्यावी आणि तारखेसह लिहावी. दोन वर्षांखालील बाळाची लांबी झोपवून मोजतात. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढते. वेग याहून बराच कमी असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी गोष्ट आहार. मटण, मासे, खेकडे आणि अंडी यांतले जस्त सहज अंगी लागते. शाकाहारी घरात तीळ, काजू, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, हरभरा, मसूर, दूध-दही यांवर भर द्यावा. कडधान्ये भिजवून मोड आणली, पीठ आंबवून इडली-डोसा किंवा नाचणीची आंबील केली, की फायटेट कमी होते. बाजरी खाणाऱ्या घरांना लोह आणि जस्त जास्त असलेल्या 'धनशक्ती' या वाणाचाही पर्याय आहे.

तिसरी गोष्ट औषध. जुलाबात ओआरएससोबत जस्त देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 मध्ये केली: सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहानाला 10, असे 10 ते 14 दिवस. उंचीसाठी मात्र सिरपचा लाभ मर्यादित आहे. पाच वर्षांखालील मुलांवरील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात रोज 10 मिलिग्रॅम जस्त 24 आठवडे दिल्यावर उंचीत सरासरी 0.37 सेंटिमीटरची भर दिसली. जास्त मात्रा दीर्घकाळ घेतल्यास तांब्याची कमतरता होते. रक्तातील जस्ताची पातळी संसर्गातही घसरते, म्हणून एकाच अहवालावरून उणीव ठरवू नये. सिरपची मात्रा आणि मुदत डॉक्टरांनीच ठरवावी.