शेतकरी उत्पादक संस्थांच्या क्लाउड नोंदींसाठी द्विघटक प्रमाणीकरण

देशात 10,000 शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची केंद्रीय योजना 2020 मध्ये सुरू झाली. अशा अनेक संस्थांची सभासद नोंदवही, निविष्ठांचा साठा, खरेदीच्या पावत्या आणि बँक तपशील आता कपाटातील फायलींऐवजी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटद्वारे वापरल्या जाणाऱ्या दूरस्थ संगणकांवर असतात. विस्तार कार्यकर्त्यांच्या कीड सर्वेक्षणाच्या नोंदीही याच मार्गाने साठविल्या जातात. कपाट फोडण्यासाठी चोराला गावात यावे लागत असे. क्लाउडच्या दाराशी मात्र कोठूनही पोहोचता येते. पुष्कळ ठिकाणी या दाराला केवळ एका पासवर्डचे कुलूप असते आणि तो पासवर्ड व्यवस्थापक, लेखापाल व नोंदी भरणारा कर्मचारी अशा तिघांनाही ठाऊक असतो.

धोक्याचे स्वरूप

पासवर्ड हाती लागलेली व्यक्ती बहुधा काहीच मोडतोड करीत नाही. ती संस्थेचा ईमेल शांतपणे वाचते, कोणत्या व्यापाऱ्याकडून किती येणे आहे ते पाहते आणि ऐन वेळी संस्थेच्याच पत्त्यावरून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा संदेश पाठविते. व्यापारी प्रामाणिकपणे रक्कम भरतो. सभासदांच्या तुरीचे किंवा मक्याचे पैसे भलत्याच खात्यात जातात.

कीड नोंदींचे नुकसान लगेच दिसत नाही, परंतु तेही तितकेच गंभीर असते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा 8 पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. हे आकडे पुसले अथवा बदलले गेल्यास सल्ला चुकतो आणि चूक उमगेपर्यंत अळी बोंडात शिरलेली असते.

मोठे उद्योगही याला अपवाद नाहीत. 2024 मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड सेवेच्या अनेक ग्राहक कंपन्यांची माहिती चोरीस गेली. मँडियंट या सुरक्षा संस्थेच्या तपासानुसार सेवेची स्वतःची यंत्रणा फोडली गेली नव्हती. चोरलेले, काही तर 2020 पासूनचे जुने पासवर्ड वापरले गेले होते आणि संबंधित खात्यांवर दुसऱ्या घटकाची पडताळणी सुरू केलेली नव्हती. सुमारे 165 संस्थांना संभाव्य धोक्याची सूचना द्यावी लागली.

‘घटक’ म्हणजे काय?

ओळख पटविण्याचे घटक तीन प्रकारचे असतात : वापरकर्त्याला ठाऊक असलेले, उदा. पासवर्ड, त्याच्याजवळ असलेले, उदा. मोबाइल किंवा कार्ड. आणि त्याच्या शरीराचा भाग असलेले, उदा. अंगठ्याचा ठसा. यांपैकी दोन भिन्न प्रकार एकत्र मागितले जातात तेव्हा त्यास द्विघटक प्रमाणीकरण म्हणतात. एटीएममधील कार्ड व पिन हे त्याचे परिचित उदाहरण आहे. पासवर्डनंतर ‘आईचे माहेर कोणते?’ असा प्रश्न विचारणे हे द्विघटक प्रमाणीकरण नव्हे. दोन्ही गोष्टी ‘ठाऊक असलेल्या’ प्रकारातीलच आहेत.

दोन घटक परस्परांपासून स्वतंत्र असणे महत्त्वाचे का, हे कापूस उत्पादकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. 2002 मध्ये क्राय1एसी हे एकच जनुक असलेला बीटी कापूस आला, तर 2006 मध्ये क्राय2एबी या दुसऱ्या जनुकाची जोड असलेला. दोन जनुकांचे संरक्षण टिकण्यासाठी दोन्ही प्रभावी राहणे आवश्यक होते. गुजरातमधील गुलाबी बोंडअळीत पहिल्या जनुकाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचे 2010 मध्ये जाहीर झाले. त्यानंतर सारा भार दुसऱ्या जनुकावर पडला, बिगर-बीटी आश्रय ओळींची शिस्तही पाळली गेली नाही आणि पुढे तेही निष्प्रभ ठरत गेले. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठविलेला, ओटीपी त्याच मोबाइलवर येणारा आणि पडद्याला कुलूप नाही, अशा स्थितीत नावापुरते दोन घटक असले तरी मोबाइल हरवताच दोन्ही एकदम जातात.

दुसऱ्या घटकाची निवड

• एसएमएसवरील ओटीपी : सर्वांत सोपा आणि काहीच नसण्यापेक्षा निश्चितच चांगला. मात्र फसवणुकीने दुसरे सिम काढून घेतल्यास ओटीपी चोराकडे जातो. नेटवर्क नसलेल्या गावात तो वेळेवर पोहोचत नाही.
• ऑथेंटिकेटर अ‍ॅप : सुरुवातीला एकदा क्यूआर कोड स्कॅन केल्यानंतर हे अ‍ॅप गुप्त किल्ली व घड्याळाची वेळ यांवरून सामान्यतः दर 30 सेकंदांनी नवा सहा अंकी कोड तयार करते. मोबाइलला नेटवर्क नसतानाही कोड मिळतो. मोबाइलमधील वेळ मात्र अचूक हवी. बहुतांश संस्थांसाठी हा पर्याय योग्य ठरतो.
• पासकी किंवा यूएसबी सुरक्षा किल्ली : ही केवळ खऱ्या संकेतस्थळालाच प्रतिसाद देते, त्यामुळे बनावट पानावर फसण्याची शक्यता अत्यल्प राहते. मुख्य प्रशासक खात्यासाठी ही शिफारसयोग्य आहे.

अंमलबजावणीचा क्रम

1. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते द्यावे. सामाईक खात्यात ओटीपी फोनवरून विचारून सांगण्याची सवय लागते आणि तीच सवय पुढे फसवणूक करणाऱ्याच्या कामी येते.
2. प्रथम संस्थेचा ईमेल सुरक्षित करावा, कारण इतर सेवांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात. त्यानंतर प्रशासक खाते, लेखा प्रणाली व सामाईक फायली यांचा क्रम घ्यावा.
3. एकदाच वापरता येणारे बॅकअप कोड छापून मोहोरबंद पाकिटात कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावेत. ते मोबाइलमध्येच ठेवल्यास मोबाइल हरवल्यावर निरुपयोगी ठरतात.
4. प्रशासकाचे अधिकार किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावेत, जेणेकरून ऐन खरेदी हंगामात काम अडणार नाही.
5. कर्मचारी नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे.

मर्यादा

हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर पासवर्ड व कोड दोन्ही भरल्यास चोर ते तत्क्षणी वापरू शकतो. लॉगिन करीत नसताना मोबाइलवर मंजुरीची विनंती आली, तर ती नाकारावी आणि पासवर्ड तत्काळ बदलावा. वारंवार येणाऱ्या विनंत्यांना कंटाळून ‘होय’ दाबणे धोक्याचे आहे. बँक खाते बदलल्याचा संदेश आल्यास आधीपासून नोंदविलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न करता 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे वळविली जाण्यापूर्वी ती थोपविण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

निष्कर्ष

एकात्मिक कीड व्यवस्थापनात कोणत्याही एकाच उपायावर विसंबून राहिले जात नाही. माहितीच्या रक्षणासही तेच तत्त्व लागू पडते. ऑथेंटिकेटर अ‍ॅप बसविण्यास काही मिनिटे पुरतात. खरेदी हंगाम सुरू होण्यापूर्वी संस्थेच्या मासिक बैठकीत विस्तार कार्यकर्त्याने हे काम सर्वांसमक्ष, किमान ईमेल व प्रशासक खात्यांपुरते तरी, पूर्ण करून घ्यावे.