‘मॉलिफाय’ : राग मऊ करणारे क्रियापद



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. मुलांपुढे चार शब्द ठेवावयाचे तर शिक्षकाच्या संग्रही चाळीस असावे लागतात. म्हणून वर्गासाठी नव्हे, तर आपल्या स्वतःच्या अभ्यासासाठी प्रस्तुत पाठात ‘मॉलिफाय’ या क्रियापदाचा विचार करू. त्याची अक्षरे एम, ओ, दोन एल, आय, एफ, वाय अशी आहेत. उच्चारात जोर आरंभीच्या ‘मॉ’वर द्यावा.

‘शांत करणे’ हा त्याचा अर्थ चुकीचा नव्हे, पण अपुरा आहे. शब्दाचे मूळ लॅटिन. त्या भाषेत ‘मॉलिस’ म्हणजे मऊ आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. ‘मॉलिस’ आणि संस्कृतातील ‘मृदु’ हे शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा ‘मॉलिफाय’ म्हणजे मृदु करणे. मराठीत राग निवतो, म्हणजे थंड होतो; येथे तो मऊ पडतो. आपल्या ‘नरमणे’ या शब्दाशी ही कल्पना अधिक जुळते.

एक प्रसंग कल्पावा. रोवणीचे दिवस आहेत. वाचनात मागे पडलेल्या मुलीला गुरुजींनी शाळा सुटल्यावर थांबवून घेतले. सायंकाळी वडील संतापून आले. “गुरुजी, आम्ही बांधीत होतो, घरी धाकटा एकटा होता. पोरीला का थांबविले?” गुरुजी म्हणाले, “बसा भाऊ. हे मला ठाऊक नव्हते, माझे चुकले. उद्यापासून तिचे वाचन शाळेच्या वेळातच घेईन.” वडील बसले, आवाज खाली आला. “पण पुढे आधी सांगत जा,” एवढे ते बोललेच. राग पुरता गेला नाही, त्यातील कठोरपणा गेला. हेच ‘मॉलिफाय’. इंग्रजीत म्हणावे : ‘द टीचर्स वर्ड्स मॉलिफाइड द फादर.’

येथे आपल्या हातून एक चूक संभवते. ‘वडील नरमले’ हे वाक्य अकर्मक आहे. ‘मॉलिफाय’ सकर्मक आहे. म्हणून ‘द फादर मॉलिफाइड’ एवढेच लिहिणे अशुद्ध होय. ‘द फादर वॉज मॉलिफाइड’ असे कर्मणी रूप योजावे. कर्म मनुष्य किंवा त्याचा राग असावा. भूतकाळी रूपात शेवटचा वाय जाऊन आय, ई, डी येतात.

या शब्दाची भावंडेही ओळखून असावीत. ‘पॅसिफाय’ म्हणजे शांत करणे. रडणारे मूल वा खवळलेला जमाव यांविषयी तो शोभतो. ‘अपीज’ म्हणजे मागणी मान्य करून राग टाळणे. ३० सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारात ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी फ्रान्ससह चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश हिटलरला देण्यास संमती दिली. मार्च १९३९ मध्ये हिटलरने प्रागही घेतले. तेव्हापासून ‘अपीज’ला दुबळेपणाचा डाग लागला. आपल्या गुरुजींनी चूक कबूल केली, वेळ बदलली. परंतु मुलीचे वाचन सोडले नाही. म्हणून त्यांचे कृत्य ‘अपीज’ नव्हे.

गोंदिया जिल्ह्यात घरी पोवारी, गोंडी, हिंदी वा छत्तीसगढी बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात. रुसलेल्याची समजूत काढण्यास त्यांच्या घरी काय म्हणतात, हे त्यांना अवश्य विचारावे. घरच्या शब्दाला वर्गात मान मिळाला, की परक्या शब्दाची भीती मऊ पडते.

स्वाध्याय : पुढील वाक्यांचे इंग्रजी करा.
१. आईने रडणाऱ्या बाळाला शांत केले.
२. उत्तर ऐकून तो काहीसा नरमला.
३. केवळ गोड शब्दांनी तिचा राग नरमला नाही.

दुसऱ्याचा नमुना : ‘ही वॉज समव्हॉट मॉलिफाइड बाय द आन्सर.’