तोंडदेखली चाकरी

(धडा : कलस्सैकरांस पत्र, अध्याय 3, ओवी 17, व ओवी 22 पासून अध्याय 4, ओवी 1 पर्यंत)

खुरपणीच्या दिवसांत घटकाभर बांधावर उभें राहिलें म्हणजे एक गोष्ट दृष्टीस पडते. मालक समोर आहे तोंपर्यंत खुरपें गवताच्या मुळाशीं जातें. तो पाठमोरा झाला कीं गवत वरच्यावर खुडलें जातें, आणि त्यावर मूठभर माती पसरली कीं वाफा साफ दिसूं लागतो. पुढें पाऊस पडला म्हणजे तेंच गवत पुन्हा डोकें वर काढून सर्व हकीकत सांगतें. अशा कामाची आम्हां सर्वांस इतकी संवय झाली आहे कीं त्यास दोष म्हणावें हेंहि आम्हांस सुचत नाहीं. प्रेषित पौलानें मात्र त्यास नेमकें नांव दिलें आहे. मूळ हेल्लेणी भाषेंत तो शब्द ‘ऑफ्थाल्मोदौलिया’ असा आहे. म्हणजे धन्याच्या डोळ्यांपुरती केलेली चाकरी. नव्या करारांत तो दोनच ठिकाणीं येतो : एकदां आजच्या आमच्या धड्यांत, व एकदां इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायांत. मराठींत आपण त्यास तोंडदेखली चाकरी म्हणतों.

हें पत्र प्रथम कोणीं ऐकिलें तें आधीं पाहूं. कलस्सै हें नगर आज ज्यास तुर्कस्थान म्हणतात त्या देशांत, लिकस नदीच्या खोऱ्यांत होतें. लावदिकिया व हेरापली हीं त्याच्या शेजारचीं नगरें. कलस्सैची रंगीत लोंकर त्या काळीं प्रसिद्ध होती. जेथें लोंकरीचा धंदा आहे तेथें धुणारे, पिंजणारे, कांतणारे व रंगविणारे हात आलेच, आणि त्या काळच्या रोमी राज्यांत असे पुष्कळ हात दासांचे होते. त्या वेळीं ख्रिस्ती लोकांस निराळें उपासनामंदिर नव्हतें. मंडळी कोणाच्या तरी घरांत जमत असे. तेव्हां हें पत्र वाचून दाखविलें गेलें तेव्हां धनी व दास एकाच खोलींत बसून तें ऐकत होते. पत्र घेऊन येणाऱ्या तुखिकाबरोबर अनेसिम होता, आणि तो त्याच नगरचा, फिलेमोनाच्या घरचा दास. त्या खोलींत बसलेल्यांच्या मनाची स्थिति काय झाली असेल याचा वाचकांनींच विचार करावा.

आतां ओव्या मोजून पाहा. पत्नींस एक ओवी, पतींस एक, मुलांस एक, बापांस एक, धन्यांस एक. आणि दासांस मात्र चार. ज्यांच्याशीं बाजारांत कोणी दोन शब्द बोलत नसे, त्यांच्याशीं पौल सर्वांत जास्त बोलतो. आणि बोलतो तें काय? तुमचें लोंकर धुणें ही प्रभूची चाकरी आहे, ती मनुष्याकरितां म्हणून नव्हे तर प्रभूकरितां म्हणून जिवापासून करा. त्यानें त्यांस असें सांगितलें नाहीं कीं दिवसभराचें काम कसें तरी उरकून टाका आणि खरी भक्ति रात्रीं सभेंत करा. काम हीच भक्तीची जागा होय, असें तो म्हणतो. सतराव्या ओवींत तर बोलणें व करणें या दोहोंपैकीं कांहींच बाहेर ठेविलें नाहीं. सर्व प्रभु येशूच्या नांवानें करावयाचें आहे. मग जें त्याच्या नांवानें करितां येत नाहीं तें आपोआप उघडें पडतें. दुधांत पाण्याचा तांब्या ओतितांना ख्रिस्ताचें नांव घेऊन पाहावें, हात थांबेल.

येथें एका शब्दापाशीं आम्ही वाचकांस जरा थांबवूं इच्छितों. प्रभूपासून दासांस जें प्रतिफळ मिळावयाचें आहे त्यास आपल्या मराठी शास्त्रांत ‘वतन’ असें म्हटलें आहे. आपल्या गांवांत वतन म्हणजे काय, हें कोणास सांगावयास नको. पाटलाचें वतन, कुळकर्ण्याचें वतन. आणि आमच्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांकडेहि वतन होतें, परंतु त्याच्याबरोबर गांवाची राबणूक, निरोप पोंचविणें, मेलेलीं गुरें ओढणें हेंहि पिढ्यान्‌पिढ्या आलें. तें वतन सरकारनें 1958 च्या कायद्यानें मोडिलें, तेव्हां पुष्कळांनीं सुटकेचा निःश्वास टाकिला. रोमी कायद्यानें तर दासाचें स्वतःचें म्हणून कांहींच नसे; त्याच्या हातीं जें येई तें कायद्यानें धन्याचें होई. अशा मनुष्यास, ज्यास वारसा ही गोष्टच ठाऊक नाहीं, पौल वारसदार म्हणतो! पिता वारसा पुत्रास देतो, दासास देत नाहीं. म्हणून जो प्रभूकरितां काम करितो तो मजुरीसाठीं झुरणारा चाकर नव्हे. तो आपल्या बापाच्या शेतांत काम करणारा पुत्र होय. बापाच्या शेतांत कोणी गवत वरच्यावर खुडीत नाहीं.

परंतु येथें कोणी विचारील, आणि त्यानें विचारावेंच, कीं ह्या ओव्या धन्यांच्याच सोयीच्या नाहींत काय? होय, त्या तशा वापरल्या गेल्या आहेत. अमेरिकेंत मळेवाल्यांनीं निग्रो दासांस हींच वचनें ऐकविलीं व पुढील ओवी गाळिली. आपल्याकडेहि वेठीस धरणारे लोक सेवेचा उपदेश आनंदानें करीत असत. असा उपदेश शास्त्राचा नव्हे. पौलानें चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओवींत धन्यांस बजाविलें आहे कीं दासांस न्यायानें व समतेनें वागवा, कारण तुम्हांसहि स्वर्गांत धनी आहे. अन्याय करणाऱ्यास त्याचें फळ मिळेल व तेथें पक्षपात नाहीं, असेंहि तो सांगतो. आपल्या देशाच्या राज्यघटनेनें 1950 सालीं वेठीस मनाई केली, व 1976 च्या कायद्यानें वेठबिगारीची पद्धत रद्द झाली. म्हणून मजुरी बुडविणाऱ्याविरुद्ध मामलेदाराकडे अर्ज करणें हें भक्तीविरुद्ध नाहीं. मजुरी मागावी आणि गवतहि मुळापासून काढावें. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहींत.

आणि आतां आमच्यांत मजूर लावणारेहि झाले आहेत, हें विसरूं नये. पंधरा एकर बागाईत करणारा ख्रिस्ती भाऊ रविवारीं पुढच्या बांकावर बसतो, आणि शनिवारच्या बाजाराचे पैसे बायकांस सोमवारीं देतों म्हणतो. त्या बायकांच्या घरीं शनिवारीं चूल पेटली कीं नाहीं? मोशेच्या नियमशास्त्रांत मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी असें आहे, आणि याकोबाच्या पत्रांत तर अडविलेली मजुरी स्वतःच ओरडते असें सांगितलें आहे. उपासनेंतील मोठा आवाज त्या ओरडण्यास झांकूं शकत नाहीं.

प्रभु स्वतः सुतार होता, हें मार्काच्या सहाव्या अध्यायांत आहे. दुसऱ्या शतकांतील जस्टिन हुतात्मा हा शोमरोन प्रांतांत जन्मलेला लेखक. तो लिहितो कीं येशू नांगर व जूं तयार करीत असे. आमच्या मनास ही गोष्ट फार गोड वाटते. बैलाच्या मानेवर ठेवावयाचें जूं आंतून खरखरीत राहिलें तर घेणाऱ्यास तें लगेच दिसत नाहीं. बैलाची मान सोलली म्हणजे कळतें. नासरेथांतील त्या कामठ्यांत तयार झालेलें जूं आंतून गुळगुळीत असेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

हें सर्व लिहितांना आमचाच दोष आमच्यापुढें उभा राहतो. मोठ्या सभेसाठीं आम्ही दोन रात्री जागून उपदेश तयार करितों, आणि चार घरांच्या वाडीवर जावयाचें झालें म्हणजे वाटेनें चालतां चालतां कांहीं तरी जुळवितों. तेथें ऐकणारें कोण आहे, असें मन म्हणतें. एकदां तर पावसाच्या भयानें वाडीवर न जातां आम्हीं रोजनिशींत भेट लिहून ठेविली. त्या आठवड्यांत तेथील एक म्हातारी आजारी होती व ती वाट पाहत होती, हें आम्हांस महिन्यानें कळलें. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें आम्हांस पाटावर बसविलें व गूळपाणी दिलें. उपदेशकबंधूंनो, रोजनिशी हाहि आपला वाफाच आहे.

याच्या उलट, केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं काय केलें तें पाहा. खेड्यांतील साध्या बायकांस समजेल असें शास्त्र मराठींत असावें म्हणून त्यांनीं हिब्रू व हेल्लेणी भाषा शिकून सगळ्या पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. हें काम त्यांनीं वर्षानुवर्षें, सदनाचा सर्व व्याप सांभाळून केलें. आणि त्या सदनांतील स्त्रियांनींच त्याचे खिळे जुळविले. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजीं प्रभूकडे गेल्या. ग्रंथ 1924 सालीं बाहेर पडला. बांधलेली प्रत हातीं घेणें त्यांच्या वांट्यास आलें नाहीं.

पुढील आठवड्यांत मंडळींनीं फिलेमोनास पत्र वाचावें. तें अवघ्या पंचवीस ओव्यांचें आहे. एकाच बैठकींत मोठ्यानें वाचून होतें. शक्य असेल तेथें ज्याच्या शेतावर काम चालतें तो व जे काम करितात ते, दोघांनींहि एकाच घरांत बसून तें ऐकावें, आणि ज्यास वाचतां येत नाहीं त्यास आधीं बोलूं द्यावें.