थंड भाडं, गरम भाडं

पोरी, अशोकनगरच्या आपल्या घराच्या मागच्या तीन खोल्या मी तीस वर्षं भाड्याने दिल्या. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कामाला आलेली कळवण-सटाण्याची, खानदेशची, पुढे पुढे यूपी-बिहारची पोरं तिथे राहून गेली. त्यामुळे घर कसं बघावं, हे मी घरमालकिणीच्या बाजूने शिकले. मालक सांगतो ते ऐकायचं, पण टाळतो ते विचारायचं. पावसाळ्यात ओल येणारी मधली खोली मी मे महिन्यात दाखवायचे. आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तू शिकायला जाणार आहेस ते जर्मनीतलं स्टुटगार्ट आपल्याला परकं नाही. तुझे आजोबा इथल्या मायको कंपनीत होते. २००८ साली कंपनीवर बॉशची पाटी लागली, त्या बॉशचं मूळ त्याच गावचं. तुझी आत्या तिथे नोकरीला होती तेव्हा मी तीन महिने राहून आले. तिची घरशोधणी डोळ्यांनी पाहिली, म्हणून सांगते.

तिकडे भाडं दोन प्रकारचं. काल्टमीटे म्हणजे थंड भाडं, नुसत्या जागेचं. वार्ममीटे म्हणजे गरम भाडं. त्यात बहुधा हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असं सगळं धरलेलं. जाहिरातीत थंड आकडा मोठ्या अक्षरात असतो, तो बघून हुरळू नकोस. गरम आकड्यातही लाइटबिल सहसा नसतं. आणि हीटिंगचे पैसे असतात अंदाजाने; वर्षअखेरीस हिशेब होतो आणि जास्त जाळलं असेल तर फरक भरावा लागतो. मागच्या भाडेकरूला किती भरावे लागले, हे सरळ विचार. शिवाय रेडिओ-टीव्हीची फी, दर घरामागे महिन्याला १८ युरोंवर. टीव्ही नसला तरी द्यायची! चौघी मिळून राहिलात तर एकीनेच भरायची आणि वाटून घ्यायची.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढं घेता येतं, तसा कायदाच आहे. ते तीन समान हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ठरलेलीच रक्कम सुटणार, म्हणून हा हक्क विसरू नकोस. लाजू नकोस, माग. माझे भाडेकरूही हप्ते मागायचे, मी द्यायचे.

घर न बघता एक युरोही पाठवायचा नाही. "मालक लंडनला आहे, पैसे टाका, चावी कुरिअरने येईल," असं कुणी म्हणालं की फोन ठेव. खोल्या मोजताना आपला हिशेब सोड: तिकडे दोन खोल्या म्हणजे हॉलसकट दोन, किचन-बाथरूम वेगळं. त्या किचनमध्ये ओटा-सिंकसुद्धा नसेल अशीही घरं असतात. आधीचा भाडेकरू आपलं उचलून नेतो किंवा तुला विकतो. तो खर्च भाड्यात दिसत नाही.

चावी घेताना दोघांच्या सह्यांचा पंचनामा करतात. तिथे घाई नको. प्रत्येक ओरखडा, नळ, मीटरचा आकडा लिहून घे, फोटो काढ. खिडकीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी आहे का, बघ. थंडीत खिडक्या बंद ठेवून रोज वरण-भात शिजवलास की भिंती ओल धरतात आणि बुरशीचा दोष तुझ्यावर येतो. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं. फोडणीचा वासही जातो.

राहायला गेलीस की दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायचा आणि त्यासाठी मालकाच्या सहीचा दाखला लागतो. "राहा, पण नोंद करू नका," म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव लाव, नाहीतर बँकेचं पत्र परत जाईल.

स्टुटगार्टच्या भागात एक गंमत आहे, केअरवोखे. जिना झाडण्याची पाळी आठवडाभर एकेका घराकडे. आपल्या मागच्या खोल्यांत झाडण्यावरून किती भांडणं झाली! तिकडे दारावर पाटी लटकते, मुकाट झाडायचं. रात्री दहानंतर मिक्सर नाही, रविवारी भिंतीत खिळा नाही.

पण हे सगळं नंतरचं. प्रवेशाचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज भर. रांग लांब असते. आणि घर सोडताना बहुतेक करारांत तीन महिन्यांची नोटीस लागते, तेही सहीआधी वाच.

घर बघायला जाशील तेव्हा मला व्हिडिओ कॉल लाव. ऑक्टोबरात तिकडचे दुपारचे चार म्हणजे आपल्याकडचे साडेसात, मी जागीच असते. आधी भिंतींचे कोपरे दाखव, मग तुझा चेहरा.