आधी सोडव, मग चढव: नव्या विंडोजवर जाणाऱ्या भाच्याला मावशीचे कानमंत्र

बाळा, ऑफिसात विंडोज ११चं मशीन आणतोयस, बरं केलंस. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, तेव्हा आज ना उद्या हे करायचंच होतं. मशीन कुठलं घ्यावं ते तुला माझ्याहून जास्त कळतं. मी बोलणार आहे ते लायसन्सबद्दल, कारण तुम्हा पोरांना लायसन्सची आठवण होते ती फॉरमॅट मारून झाल्यावर.

लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी झाल्याशिवाय सासरच्या कार्डावर चढत नाही, आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचं दप्तरही बरंचसं असंच चालतं. म्हणून मुख्य सांगणं एकच: आधी सोडव, मग चढव. बाकीचं एकेक करून सांगते, चहा घेत घेत वाच.

जुनं मशीन चालू आहे तोवर

१. जुनं मशीन लगेच एक्स्चेंजला देऊ नकोस, नव्यावर सगळं चालू झालं तरी महिनाभर कोपऱ्यात राहू दे — काही लायसन्स जुन्याच मशीनवर बसून सोडवावी लागतात, आणि काय राहून गेलं ते महिनाअखेरीशिवाय कळत नाही.

२. हे काम ११ आणि २० तारखेच्या आसपास काढू नकोस — दरमहाचं जीएसटीआर-१ आणि ३बी त्याच तारखांना असतं, आणि तेव्हा मशीन अडलं तर पक्षकारांचे फोन तूच घ्यायचेस. शुक्रवारी संध्याकाळीही नको, अडलास तर सोमवारपर्यंत विचारणार कुणाला?

३. एक वही घाल: सॉफ्टवेअरचं नाव, सिरियल नंबर, नोंदवलेला ई-मेल, मोबाइल, बिल कुठल्या फायलीत आहे ते. वहीच हवी — मशीनमध्ये लिहून ठेवलेलं मशीनबरोबरच जातं.

४. लायसन्स कोणाच्या ई-मेलवर नोंदलंय ते आजच बघ. हार्डवेअरवाला मुलगा घाईत आपल्याच ई-मेलवर नोंदवून देतो, त्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ज्याचा ई-मेल त्याचं लायसन्स — तो नोकरीला दुबईला गेला की तुझा ओटीपीही दुबईलाच जायचा.

५. नोंदलेला मोबाइल नंबर चालू आहे का, ते एकदा फोन लावून बघ — बंद सिमवर गेलेला ओटीपी काही परत येत नाही, आणि नंबर बदलून घेणं हे जुनं लॉगिन चालतंय तोवरच सोपं असतं.

६. प्रत्येक खात्यातून एकदा बाहेर पड आणि पासवर्ड हाताने टाकून आत ये — ब्राउझरला पाठ असलेला पासवर्ड तुला पाठ आहे अशी तुझी उगाच समजूत असते.

विंडोजचं स्वतःचं

७. सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडून शांतपणे वाच. डिजिटल लायसन्स तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं नसेल तर जोडून घे — पुढे मदरबोर्ड बदलावा लागला, तर ट्रबलशूटरमधला 'हार्डवेअर बदललंय' हा पर्याय या जोडणीवरच चालतो.

८. विंडोज मशीनबरोबर आलेलं आहे की वेगळं विकत घेतलेलं, ते बिलावरून ठरव — मशीनबरोबरचं, म्हणजे ओईएम, त्या मशीनबरोबरच संपतं. वेगळं घेतलेलं रिटेल मात्र जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतं.

९. लॅपटॉप उलटा करून २५ अक्षरांची की शोधत बसू नकोस — विंडोज ८च्या काळापासून कंपन्या ती फर्मवेअरमध्येच घालून देतात, आणि विंडोज टाकताना ती आपोआप वाचली जाते.

१०. होम असेल तर होमच टाक, प्रो असेल तर प्रो — होमच्या लायसन्सवर प्रो ॲक्टिव्हेट होत नाही, मग तू इंटरनेटला कितीही दोष दे.

११. जुन्याच मशीनवर ११ टाकायचा विचार असेल तर आधी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालव — टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. टीपीएम नाही म्हणालं तर हिरमुसू नकोस, पुष्कळ मशीनवर तो असतो, फक्त बायोसमध्ये बंद असतो.

१२. पण बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की त्या वहीत उतरव — टीपीएममध्ये काही बदललं की मशीन सुरू होताना तीच मागतं, आणि तेव्हा आत शिरून ती बघायची सोय नसते.

१३. अपग्रेड केल्यावर पहिले १० दिवस जागा मोकळी करण्याच्या नादात जुन्या विंडोजचं फोल्डर उडवू नकोस — तेवढ्याच मुदतीत मागे फिरता येतं, आणि त्या वाटेला ते फोल्डर लागतं.

१४. कुणी 'फुकटात ॲक्टिव्हेट करून देतो' म्हणालं तर त्याला चहा पाज आणि निरोप दे. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची पद्धत, तिचं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि संस्थेच्याच सर्व्हरवरून नव्याने होत राहतं — बाजारातली टूल्स त्याची नक्कल करतात आणि सोबत व्हायरसही आणतात. फुकटचं ॲक्टिव्हेशन, सहामाही दुखणं.

टॅली आणि डीएससी

१५. टॅलीप्राइममध्ये एफ१ दाबून हेल्प, मग सेटिंग्ज, मग लायसन्स, आणि तिथे सरेंडर. हे जुन्या मशीनवर, इंटरनेट चालू ठेवून, टॅली.नेट आयडी हाताशी घेऊन कर — सरेंडर झालं की तोच सिरियल नंबर नव्या मशीनवर निमूट चढतो.

१६. बॅकअप घेतला म्हणजे सरेंडर झालं असं समजू नकोस, आणि उलटही नाही — बॅकअपमध्ये वह्या येतात, सरेंडरने हक्क सुटतो. दोन्ही कामं वेगळी, दोन्हींवर वेगळी टिकमार्क.

१७. डेटा फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतात, ती तुझ्या पक्षकारांची आहेत. त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घे आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघ — न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसता भरवसा.

१८. नव्या मशीनवर टॅली उघडून व्हाउचरची तारीख १, २ आणि ३१ एवढीच घेत असेल तर टॅली बिघडली म्हणून ओरडू नकोस — ती एज्युकेशनल मोडमध्ये आहे, लायसन्स अजून चढलेलं नाही.

१९. सरेंडर न करताच जुन्यावर फॉरमॅट मारला गेला, तरी आभाळ कोसळत नाही. टॅलीच्या पोर्टलवर अकाउंट ॲडमिनच्या लॉगिनने लायसन्स रिसेट करता येतं — पण ते लॉगिन कुणाचं, हा चौथ्या मुद्द्यातला प्रश्न तिथे पुन्हा भेटतो.

२०. टीएसएसची मुदतही वहीत लिही — ती संपली तरी घेतलेलं टॅली चालतं, पण पुढचं रिलीज मिळत नाही. जुन्यावर ज्या रिलीजला होतास तेच नव्यावर टाक.

२१. डीएससीचं टोकन सरेंडर करायचं नसतं, फक्त नव्या मशीनवर त्याचा ड्रायव्हर आणि जीएसटीसाठी एमसाइनर टाकायचं असतं — सही त्या टोकनात आहे, मशीनमध्ये नाही.

२२. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइझ' दिसलं तरी बोट लांब ठेव, आणि पिन अंदाजाने टाकत बसू नकोस — पहिल्याने सर्टिफिकेट पुसलं जातं, दुसऱ्याने टोकन लॉक होतं, आणि ती सही तुझी नसून पक्षकाराची आहे.

ऑफिस, डिझाइन आणि मराठी टायपिंग

२३. एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसतंय का ते बघ — दिसत असेल तर पुन्हा की शोधायला नको, खात्यातूनच उतरवता येतं. तुझं ऑफिस २०१६ किंवा २०१९ असेल, तर त्याचाही सपोर्ट विंडोज १०च्याच दिवशी संपलाय.

२४. मायक्रोसॉफ्ट ३६५ एका माणसाला एका वेळी ५ उपकरणांवर साइन इन करता येतं, अडोबीचं वैयक्तिक लायसन्स २ संगणकांवर — म्हणून जुन्यावरून आधी साइन आउट कर. नुसतं अनइन्स्टॉल करून पसार होऊ नकोस.

२५. सूनबाईंचं श्रीलिपी किंवा आयएसएम डोंगलवर चालत असेल, तर त्या डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते मशीन घेण्याआधी विचार — विंडोज ११ला ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि जुना ड्रायव्हर त्यात बसत नाही. डोंगलवर नावाची चिठ्ठीही चिकटव, साफसफाईत 'बिघडलेला पेन ड्राइव्ह' म्हणून जायला नको.

२६. जुन्या फाँटमधला मजकूर जुन्या मशीनवरच युनिकोडमध्ये बदलून घे — तो फाँट नव्यावर नसला की अंक, लग्नपत्रिका, सगळ्याचं निरर्थक इंग्रजी अक्षरांत रूपांतर होतं आणि सूनबाई तुझ्याकडे बघतात.

२७. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट नव्यावर दिसले नाहीत तर कुठल्या साइटवरून उतरवू नकोस. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स घे — ते विंडोजचेच आहेत, आणि नुसतं टायपिंगच करायचं असेल तर मराठी फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच आहे.

अडलं तर

२८. ॲक्टिव्हेशन होत नसेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघ. मशीन दर सकाळी मागच्या कुठल्यातरी सालात जागं होत असेल, तर मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा सीआर२०३२ सेल बदल — तारीख चुकली की सर्व्हर ओळख दाखवत नाही.

२९. एरर आला की बंद करण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढ — 'काहीतरी लाल आलं होतं' एवढ्यावर जगातला कुठलाही हेल्पलाइनवाला तुला वाचवू शकत नाही.

३०. फोनवरच्या माणसाशी गोड बोल आणि बिल समोर धरून बोल — त्याच्या हातात रिसेटचं बटण असतं, तुझ्या हातात नुसता राग. तक्रारीचा नंबर आणि त्याचं नाव वहीत लिही, पुढच्या फोनला कथा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

३१. सगळं लागलं की मशीन दोनदा रीस्टार्ट करून टॅली, टोकन, प्रिंटर आणि मराठी टायपिंग एकेकदा चालवून बघ, एक खरं बिल छापून बघ. मगच जुन्या मशीनची डिस्क पुसून ते दुकानात दे — पक्षकारांचे पॅन आणि बँकेचे तपशील भंगारात जायला नकोत.

३२. आणि ती वही कुठल्या खणात आहे ते सूनबाईंना सांगून ठेव. पुढचं मशीन बदलायची वेळ नेमकी तू गावी गेलास तेव्हा येणार — मग प्रत्येक सिरियल नंबरसाठी तुला देवळाच्या रांगेतून फोन घ्यायला लागू नये, एवढंच माझं म्हणणं.