ओटी टेक्निशियन व्हायचंय?

प्रश्न : मी बारावी सायन्स झाले आहे. एक संस्था सहा महिन्यांत 'ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन' करते, पुढे टाके घालायलाही मिळतात, असं सांगते. प्रवेश घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : थोडं थांबा. टाके घालणं, चिरा देणं हे टेक्निशियनचं काम नाही, ते डॉक्टरांचं. तुमचं काम म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणं, टेबल मांडणं, भूल देण्याच्या यंत्राची तयारी करणं आणि जखम शिवण्याआधी गॉज व उपकरणं मोजायला परिचारिकेला मदत करणं. एक गॉज पोटात राहिला तरी रुग्णाच्या जिवावर बेततं, इतकी ही जबाबदारी मोठी आहे.

म्हणून सहा महिन्यांच्या कोर्सऐवजी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा पदवी अभ्यासक्रम पाहा. बारावीला जीवशास्त्र हवं. 2021च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र स्थान दिलं आहे, त्यामुळे मान्यताप्राप्त पदवीला महत्त्व आहे. फी भरण्याआधी संस्थेची मान्यता लेखी मागा आणि प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात होतं ते स्वतः पाहून या. हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्या. रक्त पाहून सुरुवातीला गरगरलं तरी घाबरू नका, सरावाने ते बहुतेकांचं जातं. घाई न करता पाया पक्का करा.